आजारी राजाचे साम्राज्य

राजाने तीन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. निनवेच्या दरबारातले दोन ज्योतिषी, बलासी आणि नबू-अह्हे-एरिबा, हवालदिल झाले आणि त्यांनी ओल्या मातीच्या पाटीवर राजाला पत्र लिहिले. एक दिवस उपास घडला तेवढा पुरे नाही का, आज तिसरा दिवस, महाराज असे किती दिवस काढणार, असा त्या पत्राचा सूर आहे. राजाचा विश्वासू मांत्रिक अदद-शुमु-उसुर याने दुसऱ्या एका प्रसंगी आणखी धिटाईने लिहिले. प्रत्यक्ष सूर्यदेवसुद्धा इतका वेळ अंधारात राहत नाही, मग सूर्याची प्रतिमा असलेल्या राजाने दिवसरात्र अंधारात का बसावे? चार घास खावेत, थोडी द्राक्षाची दारू घ्यावी, आजार पळेल.

ज्याची ही मनधरणी चालली होती तो एसरहद्दोन, ॲसिरियाचा सम्राट. त्याची कारकीर्द इ.स.पू. ६८१ ते ६६९, म्हणजे जेमतेम बारा वर्षांची. एवढ्या काळात ॲसिरियाची सत्ता पश्चिम इराणच्या डोंगरांपासून भूमध्य समुद्रापर्यंत आणि अखेरीस नाईलच्या काठापर्यंत पोचली. पश्चिम आशियात तोवर एवढे मोठे राज्य कुणाच्या हाती आले नव्हते. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे नाव एका ओळीपुरते भेटते: बापाचा खून झाला आणि त्याच्या जागी हा गादीवर बसला. त्याचा बाप सेन्नाखेरिब आणि मुलगा असुरबनिपाल हे दोघे इतिहासाच्या पुस्तकांत ऐटीत वावरतात. मधला हा मात्र बहुधा अर्ध्या पानात आटोपला जातो. माझ्या मते तिघांत सर्वांत वाचनीय माणूस हाच आहे, कारण याचा जाहीरनामाही आपल्या हाती आहे आणि याचा खासगी पत्रव्यवहारही.

ॲसिरियन राजांचे शिलालेख एकदा वाचायला घेतले की थोड्याच वेळात कंटाळा येतो. मी अमुक शहर जिंकले, तमुक राजाचे मुंडके उडवले, एवढी जनावरे लुटली, देवांनी मला साथ दिली. हार कधी होतच नाही. एसरहद्दोनचे लेखही त्याच थाटाचे आहेत. पण मोसुल शहरासमोरच्या कुयुंजिक टेकाडात, म्हणजे जुन्या निनवेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन लेयर्ड आणि होर्मुझ्द रस्साम यांनी उत्खनन केले, तेव्हा मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. त्यांत वैद्य, मांत्रिक, ज्योतिषी, सुभेदार आणि हेर यांनी राजाला पाठवलेली पत्रे होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतून जो माणूस दिसतो तो तापाने फणफणलेला, संशयाने पोखरलेला, आणि तरीही विलक्षण कर्तबगार आहे.

संशय घेण्याची कारणे त्याला घरातच मिळाली होती. सेन्नाखेरिबला अनेक मुलगे. थोरला असुर-नादिन-शुमी याला बापाने बाबिलोनच्या गादीवर बसवले होते. इ.स.पू. ६९४ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी त्याला धरून शेजारच्या एलामच्या स्वाधीन केले आणि तो पुन्हा दिसला नाही. सेन्नाखेरिबने याचा सूड ६८९ मध्ये उगवला: बाबिलोन पाडले, देवळे फोडली, कालव्यांचे पाणी शहरावर सोडले. दरम्यान अर्दा-मुलिस्सू हा दुसरा मुलगा काही वर्षे युवराज म्हणून मिरवत होता. मग ६८३ च्या सुमारास बापाचे मन फिरले आणि युवराजपद धाकट्या एसरहद्दोनकडे आले. का फिरले ते सेन्नाखेरिबने लिहून ठेवलेले नाही. पण एसरहद्दोनची आई नकिया किती खंबीर बाई होती हे पुढच्या घटनांवरून कळते, तेव्हा अंदाज बांधायला फारशी अडचण नाही.

भावांनी कान फुंकायला सुरुवात केली. अखेर बापाने एसरहद्दोनला पश्चिमेकडे दूर पाठवून दिले. युवराजपद मात्र काढून घेतले नाही. अर्दा-मुलिस्सूचा धीर सुटला आणि त्याने बापालाच मारायचा कट रचला.

या कटाची कहाणी एका फुटक्या पत्रात सापडते. ती कुणा नाटककाराने रचली असती तर आपण तिला बनावट म्हटले असते. एका बाबिलोनी माणसाला कटाचा सुगावा लागला. राजाला सावध करायचे म्हणून त्याने दरबारातल्या एका अधिकाऱ्याकडे भेटीची मागणी केली. तो अधिकारी स्वतःच कटात होता. त्याने या माणसाचे तोंड वस्त्राने झाकले आणि त्याला थेट अर्दा-मुलिस्सूपुढे नेऊन उभे केले. बोल, राजा ऐकतो आहे. त्या भाबड्या माणसाने सांगून टाकले: तुमचा मुलगा अर्दा-मुलिस्सू तुम्हाला मारणार आहे. तोंडावरचे वस्त्र दूर झाले तेव्हा समोर तोच मुलगा होता. खबर देणारा जिवाला मुकला. बायबलात खुन्याचे नाव अद्रम्मेलेक असे येते. हा अद्रम्मेलेक म्हणजेच अर्दा-मुलिस्सू, हे फिनलंडचे विद्वान सिमो पारपोला यांनी १९८० मध्ये याच पत्राच्या आधारे दाखवून दिले.

तेबेत महिन्याच्या विसाव्या दिवशी, ऐन हिवाळ्यात, सेन्नाखेरिबचा खून झाला. एसरहद्दोनने पुढची हकीकत स्वतःच्या शब्दांत कोरून ठेवली आहे आणि ती त्याच्या इतर लेखांपेक्षा जिवंत आहे. आपण पुढचामागचा विचार केला नाही, घोडे मोजत बसलो नाही, शिधा गोळा केला नाही, बर्फाला आणि थंडीला भ्यालो नाही, असे तो सांगतो. हनिगलबातच्या प्रदेशात भावांचे सैन्य आडवे आले. पण लढाईच्या तोंडावर त्यातले शिपाई हाच आमचा राजा म्हणून याच्याकडे आले. खुनानंतर दोन महिन्यांच्या आत तो निनवेत शिरला. भाऊ उत्तरेच्या डोंगरी मुलखात पळाले, त्यांच्या साथीदारांची कत्तल झाली. बापाच्या खुनात या धाकट्याचाही हात असावा अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. मला ती पटत नाही. एवढ्या दूर असलेल्या आणि इतक्या घाईने, तयारीविना निघालेल्या माणसाला खुनाची तारीख आधी ठाऊक असावी असे वाटत नाही.

गादीवर आल्यावर त्याने पहिले मोठे काम हाती घेतले ते बापाच्या धोरणाच्या नेमके उलट: बाबिलोन पुन्हा बांधणे. पण एक अडचण होती. शहराचा नाश हा मर्दुक देवाचा कोप, आणि हा कोप ७० वर्षे टिकेल असे देवाने दैवलेखात लिहिलेले, अशी समजूत होती. ७० वर्षे थांबायला कुणाला सवड होती? तोड निघाली ती अंकलेखनातून. मेसोपोटेमियाच्या अंकपद्धतीत उभ्या खिळ्याची खूण जागेप्रमाणे १ किंवा ६० दाखवते आणि कोनासारखी खूण १० दाखवते. आधी उभी खूण आणि मग कोन काढला की ६० अधिक १०, म्हणजे ७०. हाच क्रम उलटा केला की १० अधिक १, म्हणजे ११. दयाळू मर्दुकाने पाटी उलटी फिरवली आणि ७० चे ११ झाले, असे एसरहद्दोनच्या लेखांत गंभीरपणे नोंदवले आहे. शहर पडले ६८९ मध्ये. अकरा वर्षांचा हिशेब त्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला बरोबर जुळतो. इतकी सुबक पळवाट काढणाऱ्या त्या अनाम पंडिताला दाद द्यावीशी वाटते. लेखांत आणखी एक खुबी आहे. नाशाचे सारे खापर बाबिलोनी लोकांच्या पापांवर फोडले आहे आणि बापाचे नाव शिताफीने वगळले आहे.

हा राजा दयाळू होता असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. फिनिशियाच्या किनाऱ्यावरील सिदोनचा राजा अब्दी-मिल्कुती याने बंड केले, तेव्हा ६७७ मध्ये शहर उद्ध्वस्त झाले. समुद्रात पळालेल्या राजाला माशासारखा बाहेर ओढून त्याचे डोके उडवले, असे शिलालेख सांगतो. त्याला साथ देणारा सांदुआरी नावाचा दुसरा राजाही गेला. दोघांची मुंडकी त्यांच्याच सरदारांच्या गळ्यात अडकवून निनवेच्या रस्त्यांतून गाणीबजावणी करत मिरवणूक काढण्यात आली. सिदोनजवळ नवे ठाणे वसवून त्याला राजाने आपले नाव दिले.

आता त्याच्या आजाराकडे वळू, कारण या कारकिर्दीचे बरेचसे कोडे तिथे आहे. पत्रांत ताप, अशक्तपणा, भूक मरणे, कानदुखी, डोळ्यांचा त्रास, अंगावर उठणारे चट्टे यांचे उल्लेख पुनःपुन्हा येतात. मध्येच तो अंधारात जाऊन बसतो आणि कुणाला भेटत नाही. पारपोलांनी ही लक्षणे एकत्र मांडून ल्युपस या आजाराचा तर्क केला. सत्तावीसशे वर्षांच्या अंतरावरून केलेले निदान कितपत धरायचे हा प्रश्न आहेच; पण दुखणे जुनाट होते यात शंका नाही. राजवैद्य उरद-नना याच्यावर राजा एकदा चिडलेला दिसतो: माझ्या आजाराचे निदान तू का करत नाहीस, त्यावर उपाय का शोधत नाहीस? उरद-नना नम्रपणे कबूल करतो की मागे समक्ष बोलणे झाले तेव्हा लक्षणांचा उलगडा झाला नव्हता.

हा उरद-नना चांगला वैद्य असावा. दरबारातल्या एका रुग्णाच्या नाकातून रक्त वाहत होते आणि सेवक नाकावर बाहेरून बोळे लावून बसले होते. वैद्याने लिहिले की हे अडाण्यांचे काम आहे. बोळे नाकपुड्यांवर दाबल्याने श्वास कोंडतो आणि रक्त तोंडात उतरते. ते नाकपुडीच्या आत सारावेत, म्हणजे रक्त थांबेल. आजही कुणी डॉक्टर त्यात फारसा दोष काढणार नाही.

आजारी राजा ही बाब ॲसिरियात राज्याच्या मुळावर येणारी होती. राजा म्हणजे असुर देवाचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी. त्याचे शरीर रोगी आहे याचा अर्थ देव रुष्ट आहेत असा लोक लावणार. म्हणून दुखणे झाकायचे, आणि देवाच्या मनात काय आहे ते रोज नव्याने विचारायचे. सूर्यदेव शमश याला विचारलेले प्रश्न लिहिलेल्या पाट्या शेकड्यांनी मिळाल्या आहेत. मेंढ्याच्या काळजावरच्या खुणा वाचून उत्तर काढले जाई. प्रश्नांत सारे राज्यकारभाराचे गुपित सापडते. उत्तरेकडच्या शक लोकांचा राजा बर्ततुआ याने राजकन्येला मागणी घातली आहे, मुलगी दिली तर तो शब्दाला जागेल का? अमुक माणसाला अमुक पदावर नेमले तर तो बंड करेल का? राजाच्या गुप्तहेर खात्याला जे नीट सांगता येत नव्हते ते मेंढ्याच्या काळजाला विचारले जात होते, असे म्हणायला हरकत नाही.

ग्रहण लागले की भीती टोकाला जाई. चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्राचा विशिष्ट भाग काळवंडला आणि गुरू ग्रह दिसत नसला, तर राजाचे मरण ओढवले असा अर्थ होता. त्यावरचा उतारा म्हणजे बदली राजा. कुणा तरी माणसाला राजवस्त्रे चढवायची, गादीवर बसवायचे, त्याला राणी द्यायची, साऱ्या अपशकुनांचा धनी त्याला करायचे. तोवर खरा राजा लपून राहायचा; या काळात त्याला पत्रे जात ती ‘शेतकरी’ या मायन्याने. जास्तीत जास्त शंभर दिवसांत बदली राजा आपल्या नशिबाकडे जाई, म्हणजे मारला जाई. शेतकरी पुन्हा राजा होई. एसरहद्दोनने हा विधी अनेकदा करवला. असा बळी सहसा कैदी किंवा कुणी उपरा असे. पण ६७१ च्या अखेरीस अक्कद गावातल्या मंदिराच्या मुख्य व्यवस्थापकाचा मुलगा दमकी याला बसवण्यात आले. एका भविष्यवादिनीने त्याला तू राज्य करशील असे आधीच सांगितले होते. तो आणि त्याची राणी दोघेही मेली. मार-इस्सर हा राजाचा अधिकारी कळवतो की दोघांना नीट सजवले, पुरले, त्यांच्यासाठी रडणे झाले. अक्कदचे लोक घाबरले होते, त्यांना आम्ही धीर दिला. एका प्रतिष्ठित घरातला मुलगा असा का निवडला गेला, याचे उत्तर राजकारणातच असणार.

हे सारे चालू असतानाच तो इजिप्तवर गेला. इजिप्तचा कुशवंशी राजा तहर्का फिनिशियाच्या बंडांना फूस देत होता. इ.स.पू. ६७३ च्या वसंतात पहिली स्वारी झाली आणि ॲसिरियन सैन्याने मार खाल्ला. हे आपल्याला एसरहद्दोनच्या लेखांतून कळत नाही. बाबिलोनच्या तटस्थ बखरीतल्या एका ओळीतून कळते. दुसरी स्वारी ६७१ ची. सिनाईच्या वाळवंटात पाणी नेण्यासाठी अरब राजांचे उंट गोळा केले होते, त्यांच्यावर पखाली लादल्या होत्या. वाटेत दोन तोंडांचे साप तुडवल्याचेही राजा सांगतो. पुढे इशखुप्रीपासून मेंफिसपर्यंत पंधरा दिवस रोज झुंज, आणि मेंफिस अर्ध्या दिवसात पडले. तहर्का जखमी होऊन दक्षिणेकडे निसटला. त्याच्या बायका आणि युवराज उशनखुरू हाती लागले. लुटीत सोन्याइतक्याच मोलाने नोंदवले आहेत ते इजिप्तचे वैद्य आणि मांत्रिक. आजारी राजाने ते निनवेला नेले याचे नवल नाही.

या विजयाचे स्मारक तुर्कस्तानातील झिंजिर्ली इथे १८८८ मध्ये सापडले; ते आज बर्लिनमध्ये आहे. तीन मीटरांहून उंच शिळेवर धिप्पाड राजा उभा आहे. त्याच्या हातातल्या दोरांनी ओठांत वेसण घातलेले दोन बुटके कैदी बांधले आहेत. शिळेच्या दोन्ही अंगांना दोन राजपुत्र कोरले आहेत: एका बाजूला असुरबनिपाल, दुसऱ्या बाजूला शमश-शुमु-उकिन. या शिळेवरच्या देहात दुखण्याची खूण शोधून सापडणार नाही.

ते दोन राजपुत्र म्हणजे त्याची सर्वांत मोठी चिंता. आपल्या वाट्याला आलेले भाऊबंदकीचे रक्त मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्याने ६७२ च्या मे महिन्यात साऱ्या साम्राज्याकडून शपथ घेतली. असुरबनिपाल ॲसिरियाचा राजा होईल, शमश-शुमु-उकिन बाबिलोनचा. युवराजाविरुद्ध एक शब्द जरी कानावर आला, मग तो भावाचा असो, मुलाचा असो की देवाचा निरोप सांगणाऱ्याचा, तो लपवायचा नाही. शपथ मोडणाऱ्यासाठी शापांची लांबलचक जंत्री जोडली आहे: कुष्ठरोग, दुष्काळ, पोटच्या पोरांचे मांस खाण्याची पाळी. बायबलातील अनुवाद या ग्रंथातले काही शाप याच्याशी इतके जुळतात की त्यावर अभ्यासकांत आजवर वाद चालू आहे. या शपथेच्या प्रती मॅक्स मॅलोवान यांच्या पथकाला १९५५ मध्ये निमरुद इथे नबू देवाच्या मंदिरात सापडल्या. मॅलोवान म्हणजे ॲगाथा ख्रिस्तींचे यजमान. बाई स्वतः निमरुदच्या उत्खननात राबत असत. आणखी एक प्रत २००९ मध्ये दक्षिण तुर्कस्तानातील तेल तायिनात इथे टोरांटो विद्यापीठाच्या पथकाला मिळाली. म्हणजे शपथ खरोखरच दूरदूरच्या प्रांतांत पोचली होती.

शपथेने मने बांधली गेली नाहीत. हर्रान शहराच्या बाहेर एका दासीच्या अंगात आले आणि नुस्कू देवाच्या तोंडून ती बोलली: राज्य सासीचे आहे, सेन्नाखेरिबचा वंश मी नाहीसा करीन. नबू-रेहतू-उसुर नावाच्या माणसाने पत्रामागून पत्र पाठवून राजाला कळवले की सासीचा कट पसरतो आहे. पूर्वी एका बातमीदाराचे काय झाले होते हे राजाला चांगले ठाऊक होते. या वेळी बातमी पोचली. बाबिलोनच्या बखरीत ६७० खाली एक कोरडी नोंद आहे: राजाने आपल्या अनेक बड्या अधिकाऱ्यांना तलवारीने मारले. राज्य चालवणारी अनुभवी माणसेच एका झटक्यात संपली. त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत महागडी चूक असावी, कारण अशी माणसे लवकर तयार होत नाहीत.

दरम्यान तहर्काने मेंफिस परत घेतले होते. इ.स.पू. ६६९ मध्ये एसरहद्दोन पुन्हा इजिप्तकडे निघाला, वाटेत आजारी पडला आणि अरहसम्ना महिन्याच्या दहाव्या दिवशी, साधारण नोव्हेंबरच्या आरंभी, मेला. निमरुदचा त्याचा राजवाडा अपुराच राहिला. त्यासाठी पूर्वजांच्या महालांतून उखडून आणलेले शिल्पपट भिंतीला न लागताच पडून होते, ते लेयर्डला तसेच सापडले. निनवेतले त्याचे शस्त्रागार नबी युनुस टेकाडाखाली, योना संदेष्ट्याच्या मानल्या गेलेल्या कबरीच्या खाली होते. तिथल्या दारात तहर्काचे पुतळे लुटीची निशाणी म्हणून उभे केलेले होते. त्यांचे तुकडे १९५४ मध्ये मिळाले. ‘इसिस’ने २०१४ मध्ये त्या कबरीवरची मशीद सुरुंगाने उडवली आणि लुटीसाठी खाली बोगदे खणले. मोसुल मुक्त झाल्यावर २०१७ मध्ये त्या बोगद्यांत एसरहद्दोनच्या नावाचे लेख पुढे आले.

मुलगा गेल्यावर म्हातारी नकिया पुढे सरसावली. तिने स्वतःच्या नावाने नवी शपथ काढली आणि राजघराण्यातल्या सर्वांना, शमश-शुमु-उकिनलासुद्धा, असुरबनिपालशी एकनिष्ठ राहायला बांधून घेतले. ही व्यवस्था सोळा वर्षे टिकली. इ.स.पू. ६५२ मध्ये बाबिलोनच्या भावाने बंड पुकारले, चार वर्षे लढाई चालली, आणि ६४८ मध्ये वेढ्याने उपाशी मेलेले बाबिलोन पडले. ॲसिरियाला या युद्धातून पुरते सावरता आले नाही असे मानणाऱ्यांचे मत मला बरोबर वाटते. ६१२ मध्ये मीड आणि बाबिलोनी फौजांनी निनवे जाळले. निमरुदच्या शपथेच्या पाट्याही त्याच सुमारास फुटलेल्या असाव्यात, आणि त्यांवर शपथ घेणाऱ्यांत मीडांचे सरदार होते.

एसरहद्दोनला आलेली ही पत्रे इंग्रजी भाषांतरासह महाजालावर मोफत वाचता येतात. ज्यांना इतिहासात लढायांपेक्षा माणसे बघायची हौस आहे त्यांनी ती जरूर वाचावीत, आणि सुरुवात उरद-ननाच्या नाकातल्या बोळ्यांपासून करावी.